कर्नाळा, शिरढोण आणि सत्तेचा खरा धनी

पनवेलहून पेणकडे निघालेल्या वाटसरूला डोंगरमाथ्यावर आंगठ्यासारखा उभा असलेला एक सुळका दुरूनच दिसूं लागतो. तोच कर्नाळा किल्ला. कोंकणचीं बंदरें आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या वाटेवर त्याची नजर. म्हणून प्रत्येक सत्तेला तो हवासा वाटला. सोळाव्या शतकांत गुजरातचे सुलतान, निजामशहा आणि पोर्तुगीज त्यासाठीं झुंजले. पुढें तो शिवाजी महाराजांकडे आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें मोंगलांकडे गेला आणि १६७० सालीं महाराजांनीं तो परत घेतला. कालांतरानें तेथें पेशव्यांचा अंमल बसला. १८१८ सालीं तोही संपला आणि गडावर इंग्रजांचें निशाण चढलें. आज ढासळलेल्या तटांभोवतीं पक्ष्यांचें अभयारण्य आहे.

अधिकार देणारा आणि काढून घेणारा धनी निराळाच आहे, ही आपल्या लोकांची जुनी श्रद्धा. परंतु ‘सर्व कांहीं ईश्वराच्या हातीं’ असें म्हणून स्वस्थ बसणें ही श्रद्धा होय काय? या प्रश्नाचें उत्तर याच वाटेवरील शिरढोण गांवांत मिळतें.

वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म शिरढोण येथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं झाला. कर्नाळ्याची किल्लेदारी त्यांच्या घराण्यांत होती. ते मात्र पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींत नोकरी करीत. १८७६-७७ च्या दुष्काळांत रयतेचे हाल पाहून त्यांचें मन पेटलें आणि १८७९ च्या फेब्रुवारींत रामोशी मंडळींना घेऊन त्यांनीं बंड उभारलें. थोड्याच महिन्यांत तें मोडलें. तेव्हां ते खिन्न मनानें श्रीशैल्य मल्लिकार्जुनाच्या चरणीं गेले. तेथेंच देह देवाला वाहावा असें त्यांच्या मनांत आलें. तथापि तेथून ते परतले ते पुन्हां माणसें जमविण्यासाठींच. जुलैमध्यें ते पकडले गेले. जन्मठेप होऊन त्यांची रवानगी एडनला झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

व्यवहारी माणूस म्हणेल, सारें फुकट गेलें. परंतु २२ जुलै १९०८ रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत राजद्रोहाच्या खटल्याचा निकाल ऐकल्यावर लोकमान्य टिळकांनीं हाच हिशेब निराळ्या रीतीनें मांडला. पंचांनीं दोषी ठरविलें तरी आपण निर्दोष आहों; माणसांचें व राष्ट्रांचें भवितव्य न्यायासनाहून श्रेष्ठ अशा शक्तीच्या हातीं आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार होते. सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगांत बसून त्यांनीं गीतारहस्य लिहिलें. कर्म माणसाचें, फळ ईश्वराधीन, हेंच त्यांतील प्रतिपादन. त्यांचे ते उद्गार १९५६ सालीं त्याच कोर्टांत शिलालेख होऊन झळकले.

ज्या राज्यानें या दोघांना शिक्षा दिली, त्याचें निशाण १९४७ सालीं हिंदुस्थानांतून उतरलें आणि १९६७ सालीं एडनवरूनही उतरलें. फडक्यांना वा टिळकांना तो दिवस दिसला नाहीं. तो दिसेल अशा हमीवर त्यांनीं काम केलेंच नव्हतें.

हा नियम केवळ परक्यांच्या राज्यालाच लागू आहे असें नाहीं. आपल्याच माणसांच्या हातीं आलेला अधिकारही ठेवच होय, आणि ठेवीचा हिशेब धन्याला द्यावाच लागतो. सत्तेवर बसलेल्यानें हें स्मरून नम्र व्हावें. पराभूतानें हेंच स्मरून धीर धरावा आणि आपलें काम सोडूं नये.