दुसऱ्या रिमोटचं बटण

मे महिना लागला की टीव्ही कुणाच्या ताब्यात, हे भांडण घरोघरी ठरलेलं. आज त्या भांडणाचाच थोडा इतिहास सांगायचाय.

आम्ही पुण्याच्या पेठांत वाढलेल्या. १९९१ साली आपल्याच शहरात सी-डॅकनं 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, त्याचं कौतुक घरात पेपर वाचून झालं. पण आमच्या वाड्यात आलेला पहिला संगणक होता 'टीव्ही गेम'. त्याला संगणक कुणी म्हणायचं नाही, इतकंच. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो मिळायचा. विकत घेणं जमलं नाही तर सुट्टीत दिवसाच्या भाड्यानं आणायचा.

मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो कंपनीनं ते १९८३ साली काढलं. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरनं ते घडवलं आणि त्याचं नावच होतं 'फॅमिली कॉम्प्युटर'. आपल्याकडे आल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. खेळाच्या चौकोनी डबीला आम्ही कॅसेट म्हणायचो, पण आत फीत नसायची, चिप असायची. खेळ अडला की कॅसेट काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. चालायचं ते पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या दमटपणानं उलट आतल्या पट्ट्या खराब व्हायच्या. हे आम्हाला कळलं तेव्हा आम्ही चाळिशीत होतो!

आई-आजीला धास्ती एकच, टीव्हीची पिक्चर ट्यूब जाईल. आणि गुरुवारी वीज गेली की सकाळपासून जिंकत आणलेलं सगळं पाण्यात, कारण 'सुपर मारिओ'त खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती.

खरी गोष्ट आहे ती रिमोटची. संचाला दोन रिमोट. एक दादाकडे, दुसरा आमच्याकडे. जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट' बटण नव्हतंच. त्याजागी छोटा माइक होता. बऱ्याच नकलांनी बटण तसंच गाळलं, आणि आमच्या संचांत माइकही नव्हता. म्हणजे खेळ सुरू कधी करायचा, थांबवायचा कधी, हे दादानं ठरवायचं. आईनं हाक मारली की तो खेळ थांबवून जेवून यायचा. आम्हाला हाक आली की आमचा गडी तिथंच मरायचा. 'मारिओ'त तर दादा मेल्याशिवाय आमची पाळीच यायची नाही, आणि दादा लवकर मरत नसे. म्हणून आम्हाला 'कॉन्ट्रा' आवडायचा, त्यात दोघं एकदम धावायचे.

मुलींना हे आवडत नाही, असं सर्रास म्हटलं जायचं. जपानात १९८० साली तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' काढला, तो मुद्दाम बायकांनाही खेळावासा वाटावा म्हणून. विषय काय, तर खाणं! हसू येतं, पण निदान विचार तरी केला होता.

आमच्या हाती स्वतःचं यंत्र आलं ते मोबाइलच्या रूपानं. २००३ साली आलेल्या बॅटरीवाल्या नोकिया ११०० मध्ये सापाचा खेळ होता. भाजी शिजेपर्यंत, बसची वाट बघताना आम्ही साप वाढवला. सुरू आम्ही करायचो, बंदही आम्हीच.

आणि २०२० सालच्या ऑगस्टमध्ये पुण्याच्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं 'राजी' हा खेळ आणला. संस्थापकांत श्रुती घोष आहेत, कलेची बाजू त्यांची. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न आधी फसला होता, तरी खेळ पुरा झाला. पुढे 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या स्वतंत्र खेळाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. राजी ही सर्कशीतली मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला ती दुर्गेचं त्रिशूळ घेऊन निघते. 'मारिओ'त राजकन्या डांबलेली असायची आणि सोडवणारा पुरुष. इथं उलट.

आमच्यातल्या एकीनं तो भाचीबरोबर खेळून पाहिला. पहिल्याच मारामारीत तीनदा हरली. भाची म्हणाली, "मावशी, दे मी करते." मावशीनं काही रिमोट सोडला नाही.

तुमच्या माळ्यावर असा जुना संच असेल तर जरा खाली काढा, आणि दुसऱ्या रिमोटवर किती बटणं आहेत ते आम्हाला कळवा.