देवेंद्र कोरवंजी : नवा भूगोल आणि जुना नाट्यप्रकार

तंजावरच्या मराठी नाटकांची चर्चा बहुधा अग्रपूजेच्या वादाने सुरू होते आणि तेथेच संपते. मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत सादर केलेल्या ‘सीता स्वयंवरा’पासून मानावा, की शहाजीराजांच्या कारकिर्दीत (१६८४–१७१२) तंजावरला रचल्या गेलेल्या नाटकांपासून, हा तो वाद होय. त्याच्या छायेत एक वेगळ्याच कारणाने महत्त्वाची असलेली कृती दुर्लक्षित राहिली. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांचे ‘देवेंद्र कोरवंजी’ हे नाटक आधुनिक भूगोल आणि खगोल यांना मराठी नाट्यरचनेत स्थान देते. विज्ञान आणि कल्पित यांचा मराठीतील संबंध तपासताना या कृतीकडे पुन्हा वळणे आवश्यक ठरते.

कोरवंजी हा प्रकार मुळात तमिळ. त्याचे कथासूत्र ठरलेले असते. नायकाच्या दर्शनाने विरहव्याकुळ झालेली नायिका, तिच्यापुढे येणारी डोंगरकपारीतील भविष्य सांगणारी कुरवर स्त्री, आणि तिचे शुभकथन. भविष्य सांगण्यापूर्वी ही स्त्री आपला डोंगर, तेथील नद्या, झाडे आणि आपण हिंडलेले मुलूख यांचे वर्णन गाते. आपल्या वाणीवर विश्वास का ठेवावा, याचा तो जणू दाखलाच असतो. सरफोजीराजांनी नेमकी हीच जागा हेरली. त्यांची कोरवंजी एखाद्या डोंगरापाशी न थांबता पृथ्वीवरील खंडे आणि देश सांगते, आणि सूर्याला केंद्रस्थानी मानणाऱ्या नव्या खगोलाचा परिचय करून देते. नवे ज्ञान येथे बाहेरून चिकटवलेले नाही. नाट्यप्रकारात मुळातच असलेल्या जागेत ते सामावले आहे.

यातील विरोध ध्यानात घेण्यासारखा आहे. नाटकाचा नायक देवेंद्र. पुराणांतील भुवनकोशानुसार त्याची अमरावती मेरू पर्वतावर, आणि मेरू हा सप्तद्वीपा पृथ्वीचा मध्य. ज्या भूगोलात मेरूला स्थानच उरत नाही, तो भूगोल मेरूच्या अधिपतीच्या नाटकात गायिला जातो. राजांनी जुन्या विश्वरचनेचे खंडन आरंभलेले नाही. दोन्ही विश्वे त्यांनी एकाच रंगमंचावर शेजारी उभी केली. हा संकोच होता की समन्वय, याचा निर्णय घाईने करणे इष्ट नव्हे. दरबारी प्रेक्षकाला परिचित देवता आणि परिचित चाल मिळाल्यावाचून अपरिचित विश्व ऐकवणे कठीण होते, एवढे मात्र म्हणता येते.

या व्यवहाराला दुसऱ्या काळातील एक दाखला साहाय्यभूत ठरतो. १९८२ सालच्या ‘ट्रॉन’ या अमेरिकी विज्ञानपटात संगणकाने निर्माण केलेली दृश्ये प्रथमच विस्ताराने वापरली गेली. संपूर्णपणे संगणकनिर्मित असा भाग सुमारे पंधरा-वीस मिनिटांचाच होता. तत्कालीन संगणकाला सरळ कडा, भौमितिक आकार आणि गुळगुळीत पृष्ठे रेखाटता येत. त्वचा, केस किंवा पाने यांचे जिवंतपण साधत नसे. चित्रपटाचे कथानक संगणकाच्या अंतर्भागातच घडत असल्यामुळे हे न्यून तेथे स्वाभाविक भासले. नवे साधन कथेत कोठे शोभेल याची जाण येथेही निर्णायक ठरली. त्या चित्रपटानंतर तेरा वर्षांनी, १९९५ मध्ये, ‘टॉय स्टोरी’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट सर्वस्वी संगणकावर तयार झाला.

साम्य येथपर्यंतच आहे, आणि पुढील भेदच अधिक बोधप्रद आहे. ‘ट्रॉन’च्या मागे चित्रपटगृहे, तंत्रज्ञ आणि व्यवसाय यांची साखळी होती, प्रयोग अपुरा असला तरी त्याचा धागा पुढच्यांच्या हाती गेला. ‘देवेंद्र कोरवंजी’ला अशी साखळी लाभली नाही. साधनांचा अभाव हे याचे कारण म्हणता येत नाही. धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या सहवासात राजांचे शिक्षण झाले होते. तंजावरला देवनागरी छापखाना होता आणि १८०६ मध्ये इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तेथे छापले गेले. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह राजांनी मोठ्या आस्थेने वाढविला. परंतु हा सारा उद्योग एका व्यक्तीच्या आश्रयावर उभा होता. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता किल्ला व त्याचा परिसर यांपुरती उरली. मुलूख हातचा गेलेल्या राजाने सबंध पृथ्वीचे वर्णन रचावे, ही घटना त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते.

१८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये सरफोजीराजांचे निधन झाले. मराठीतील नव्या विद्येचा इतिहास पुढे मुंबई-पुण्याच्या शाळा, पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्या आधारे लिहिला गेला. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर तंजावरचा दरबारही उरला नाही. ‘देवेंद्र कोरवंजी’ मुद्रित रूपात अभ्यासकांपुढे आली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. तोवर तिच्यातील भूगोल शाळकरी मुलांनाही पाठ झाला होता.

म्हणून या नाटकाचे मूल्यमापन ‘पहिले’ या विशेषणाने करणे अपुरे आहे. ज्या कृतीपासून परंपरा निघाली नाही तिला आरंभ म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, आणि परंपरा निघाली नाही म्हणून तिला वगळणे न्याय्य ठरणार नाही. मराठी भाषेत नवे विश्व सांगण्याचे सामर्थ्य शाळाखात्याच्या पाठ्यपुस्तकांची वाट पाहत थांबले नव्हते. तमिळ भूमीवर, तमिळ नाट्यप्रकाराच्या आधारे, ते प्रकट झाले होते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सीमा महाराष्ट्रापाशी आखली की हे सामर्थ्य दृष्टीआड होते, आणि तसे ते दीर्घकाळ झाले.