तबकडीवरचा गुलाल

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी झाली, मखर उतरले, आणि सामान लावायला माळ्यावर चढलेल्या मुलांनी एक पत्र्याची पेटी खाली आणली. आत तीसेक रेकॉर्डी होत्या. आपला गणपती मोजक्या घरांचा होता, त्या काळात मांडवात वाजवायला ज्याने-त्याने आपापल्या घरून आणून दिलेल्या. काही पाकिटांना वाळवी लागलेली, काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके, आणि जवळजवळ प्रत्येकीवर गुलालाची झाक. ‘वाजत तर नाहीत, ठेवायच्या कशाला?’ असा प्रश्न सभेत आला. तो काही गैर नव्हता. पेटी भंगारात जाणार हे ठरल्यातच जमा होते. तेवढ्यात आमच्यातल्या एका आजोबांनी वरची रेकॉर्ड उचलली, डोळ्यांजवळ नेऊन लेबल वाचले आणि म्हणाले, ‘‘अरे, हे तर बाबूजी! यांना भंगारात देणार? आणि तेही या गावात?’’

‘या गावात’ म्हणजे काय, हे जुन्या घरांना सांगायला नको. पण स्मरणिका मुलेही वाचतात, म्हणून थोडक्यात सांगतो.

मराठ्यांकडून १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, दोन वर्षांनी दादराही गेले. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला तरी दमणगंगेकाठचा हा मुलूख पोर्तुगीजांकडेच होता. १९५४ च्या जुलैत आधी दादरा आणि मग नरोली मुक्त झाले, आणि २ ऑगस्टला भर पावसाळ्यात सिल्वासावर तिरंगा चढला. या लढ्यात युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सची माणसे होती, आझाद गोमांतक दल होते, राजाभाऊ वाकणकरांच्या नेतृत्वाखाली आलेले स्वयंसेवक होते. पुढे शिवशाहीर म्हणून घराघरांत पोचलेले बाबासाहेब पुरंदरेही त्यांत होते. पण अशा कामाला पैसा लागतो. त्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. तो जुळवून आणण्यात सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, पुढे होते. ते निधी जमवून थांबले नाहीत, स्वतःही मुक्तिसंग्रामात उतरले. त्यानंतर आठच महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गदिमांचे आणि त्यांचे गीतरामायण सुरू झाले आणि छप्पन्न गीतांनी वर्षभर महाराष्ट्राला रेडिओशी बसवून ठेवले.

म्हणजे आपण ज्या गावात राहतो त्याच्या स्वातंत्र्याला गाण्याच्या तिकिटांचा हातभार लागलेला आहे. अशा गावात बाबूजींची रेकॉर्ड धुळीमुळे मुकी झाली म्हणून टाकून द्यायची, हे त्या सभेत कुणालाच पटले नाही. पेटी राहिली. आता प्रश्न उरला स्वच्छ करण्याचा, आणि तिथे आम्ही पहिलीच चूक केली.

पेटीत दोन प्रकारच्या रेकॉर्डी होत्या. थोड्या जाड, जड आणि पडली की फुटणाऱ्या. बाकीच्या पातळ आणि किंचित वाकणाऱ्या. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल. आम्हाला त्या सारख्याच वाटल्या. एकाने सुचवले, की काच पुसतो तसे स्पिरिटने पुसावे. पहिली हाती आली ती जाड रेकॉर्ड, एका आजींच्या माहेरून आलेली, नाट्यसंगीताची. बोळा फिरवला तसा कापूस काळा झाला. आम्हाला वाटले, काय मळ निघतोय! मळ नव्हता तो. रेकॉर्डच निघत होती. वाळल्यावर तिची चकाकी गेली आणि सुई ठेवली तेव्हा नुसती खरखर ऐकू आली. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती पाकिटात घातली आणि घरी नेली.

कारण साधे होते आणि ते आम्हाला गावातल्या पॉलिशवाल्या मिस्त्रींनी सांगितले. जुन्या तबकड्या लाखेच्या. फर्निचरचे पॉलिश करताना ते काय करतात? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. आम्ही तेच केले होते, फक्त टेबलाऐवजी गाण्याचे पॉलिश!

ही लाख आपल्याच देशातल्या पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरची. एक बारीकसा किडा ती तयार करतो. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढत. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तेव्हा गाणे इथले, लाखही इथली, पण तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला घडून परत यायची. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. तासभर रंगणारा राग किंवा रात्रभर चालणाऱ्या नाटकातले पद त्या तीन मिनिटांत बसवावे लागे. मराठी भावगीत त्या मापात वाढले. १९३० च्या दशकात गोविंद नारायण जोशींचे, म्हणजे जी. एन. जोशींचे, गाणे रेकॉर्डवरून घरोघरी गेले आणि पुढे तेच एचएमव्हीत इतरांची गाणी ध्वनिमुद्रित करायला बसले.

पातळ रेकॉर्डी आल्या त्या यानंतर. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्लेइंग, म्हणजे एलपी, बाजारात आणली. ती लाखेची नव्हती, व्हिनाइलची होती. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावत, कारण तिची खाच केसापेक्षाही अरुंद. एका बाजूची ती एकच सलग खाच सरळ केली, तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. धूळ बसते ती या खाचेच्या तळाशी. फडक्याने पुसले की वरची धूळ जाते आणि उरलेली आणखी आत ढकलली जाते. आमच्या पेटीतल्या बहुतेक रेकॉर्डी या प्रकारच्या होत्या. मांडवात रोज आरतीनंतर वाजलेल्या, उदबत्तीचा धूर, निरांजनाची काजळी आणि गुलाल पोटात घेतलेल्या.

इथे आमच्या मदतीला पुन्हा सुतारकामच आले. पूर्वी सुतार लाकूड जोडायला सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला तो सरस चुलीवर उकळत ठेवावा लागे. त्याचा वास ज्यांनी घेतला आहे, ते विसरणार नाहीत. १९५९ मध्ये बळवंत पारेख यांनी फेविकॉल आणले आणि उकळायचा सरस हळूहळू हद्दपार झाला. हा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पाण्यातले मिश्रण. तो लाकडाच्या किंवा कागदाच्या छिद्रांत शिरतो आणि पाणी उडून गेले की आतच घट्ट धरून बसतो. एलपीला मात्र छिद्रे नसतात. गोंद खाचेच्या तळापर्यंत उतरतो, धुळीला कवेत घेतो, पण गुळगुळीत व्हिनाइलला धरू शकत नाही. वाळला की साय निघावी तसा अखंड सोलून येतो आणि धूळ बरोबर घेऊन येतो. गंमत अशी, की गोंद आणि रेकॉर्ड एकाच कुळातले. फ्रिट्झ क्लाटे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१२-१३ च्या सुमारास या दोन्ही व्हिनाइलांवर काम केले होते. सख्खे भाऊ, पण एकमेकांना न चिकटणारे!

स्पिरिटने पोळल्यामुळे या वेळी आम्ही घाई केली नाही. पावसाळ्यात गोंद धड वाळत नाही आणि अर्धवट वाळलेला गोंद तुकड्या-तुकड्याने निघतो. म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. आधी एका चरे पडलेल्या, टाकाऊ एलपीवर करून पाहिले. जमल्यावर जी रीत बसली, ती अशी.

प्रथम मऊ ब्रशने सुटी धूळ झटकायची. रेकॉर्ड एका फिरत्या पाटावर ठेवायची. आम्ही केकवाल्यांचा फिरता स्टँड वापरला. लेबल आणि त्याच्याभोवतीचा खाच नसलेला गुळगुळीत पट्टा सोडून बाकी भागावर साधा पांढरा गोंद ओतायचा. पाण्याला न जुमानणारा किंवा दोन नळ्यांचा गोंद घ्यायचा नाही. एका बाजूला साधारण ५० ते ६० ग्रॅम लागतो. जुन्या प्लास्टिक कार्डाने तो सारखा पसरायचा, थर अंदाजे एक मिलिमीटरचा. पातळ राहिला की फाटतो. कडेच्या ओल्या गोंदात कापडाची छोटी पट्टी दाबून ठेवायची. सोलताना ती मूठ म्हणून उपयोगी पडते. मग पंख्याच्या वाऱ्यात, सपाट जागी, एक पूर्ण दिवस. उन्हात ठेवायचे नाही, रेकॉर्ड वाकते. पांढरा थर सगळीकडे काचेसारखा पारदर्शक झाला की पट्टी धरून हळूहळू, न थांबता ओढायचे. कुठे तुकडा राहिलाच तर नखाने खरवडायचे नाही. त्यावर पुन्हा गोंद लावायचा आणि वाळल्यावर दोन्ही एकदम काढायचे. सोलताना स्थिर वीज तयार होते आणि रेकॉर्ड पुन्हा धूळ ओढू लागते, म्हणून लगेच स्वच्छ पाकिटात घालायची.

बाबूजींची एलपी आम्ही सगळ्यांत शेवटी घेतली. साय निघाली ती गुलाबी होती. उजेडात धरली तर खाचांचे उलटे ठसे तिच्यावर उमटलेले, त्यांतून इंद्रधनुष्य दिसत होते, आणि मध्ये मध्ये किती उत्सवांचा गुलाल अडकलेला कोण जाणे! त्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत पंधरा-वीस माणसे होती. सुई ठेवली. आधी जिथे नुसते तडतडणे होते, तिथे तंबोरा ऐकू आला. मग आवाज आला. स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटे, जसे बाबूजींचे असते तसे. आजोबांनी चष्मा काढून ठेवला आणि रेकॉर्ड संपेपर्यंत कुणी उठले नाही.

पण खरे तेच सांगायला हवे. दुसऱ्या बाजूला एका ठिकाणी सुई उडते. तिथे चरा आहे. गोंदाने धूळ निघते, चरा भरत नाही. झिजलेली खाचही परत येत नाही. आणि लाखेच्या तबकड्यांना आम्ही गोंद लावलेलाच नाही, तुम्हीही लावू नका. तिथे तो कसा धरेल याचा भरवसा नाही. त्या कोरड्या मऊ ब्रशने झटकाव्यात आणि उभ्या ठेवाव्यात. जी रेकॉर्ड एकमेव आहे, दुसरीकडे कुठे मिळणार नाही, तिच्यावर घरगुती प्रयोग नकोत. तिला जाणत्या हाती द्यावे. आजींची ती तबकडी आम्हाला रोज हेच सांगते.

या निमित्ताने एक काम आम्ही हाती घेतले आहे. पाकिटांवर पेनाने लिहिलेली नावे आहेत. कुणी वापीहून बदलीवर आलेले, कुणी पिपरियाच्या पहिल्या कारखान्यांत लागलेले, कुणी इथेच शिक्षक असलेले. त्यांतली काही घरे परत गेली, काही माणसे आता नाहीत. कोणती रेकॉर्ड कोणत्या घरून आली, पहिल्यांदा कोणत्या गणपतीत वाजली, हे सांगू शकणारे चार-पाचजणच उरले आहेत. रेकॉर्डवरची धूळ पुढच्या वर्षीही काढता येईल. त्यांच्या आठवणींचे तसे नाही. म्हणून मंडळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीशेजारी आम्ही एक नवी वही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर ती गुलाबी साय चिकटवली आहे. अर्थात, फेविकॉलनेच.

यंदा दुसऱ्या दिवशीच्या आरतीनंतर मांडवात तासभर या रेकॉर्डी वाजतील. आपल्या घरी माळ्यावर, पलंगाखाली, ट्रंकेत काही असेल तर घेऊन या. वाजत नसली तरी चालेल. फक्त आधी स्पिरिटने पुसू नका, आणि येताना घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर आणा. वहीत लिहायला तेच हवेत.

गणपती बाप्पा मोरया!