चुलीपासून विजेच्या भट्टीपर्यंत

आपल्या मराठीत 'भाजणे' हा शब्द फार राबतो. भाकरी आपण तव्यावर भाजतो, वांगे निखाऱ्यावर भाजतो, शेंगदाणे कढईत भाजतो, आणि कुंभार मडकी आव्यात भाजतो. चैत्रातल्या दुपारी अनवाणी चाललो तर पायही भाजतात. परंतु चारी बाजूंनी कोंडलेल्या उष्णतेत पदार्थ ठेवायचा, दार लावायचे आणि आपण बाजूला व्हायचे, या भाजण्याला मात्र आपल्या घरगुती बोलीत निराळे नाव नाही. कारण उघड आहे. ते काम आपल्या घरात फारसे होत नव्हते. आता ते होऊ लागले आहे. तालुक्याच्या बाजारातही विजेचा ओव्हन मिळतो. तो घरी येतो, पहिली नानकटाई खालून करपते, वरून पांढरी राहते, आणि दोष बिचाऱ्या यंत्राच्या माथी बसतो. हे असे का होते ते समजायचे असेल तर भट्टीचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

तसे म्हटले तर ही विद्या आपल्या भूमीला परकी नाही. राजस्थानात घग्गर नदीच्या काठी कालीबंगा येथे उत्खनन झाले, तेव्हा तिथे सिंधू संस्कृतीच्या काळच्या मातीच्या भट्ट्या सापडल्या. काही जमिनीच्या पोटात, काही जमिनीवर बांधलेल्या. आजच्या तंदूरच्या पणज्याच म्हणा ना! आपल्या रायगड जिल्ह्यातली पोपटीही याच कुळातली. थंडीत वालाच्या शेंगा तयार झाल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि शेंगा भरायच्या, मीठ-ओवा टाकायचा, तोंड पाल्याने गच्च बंद करून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घातलेला नसतो. पाल्याची आणि शेंगांची स्वतःची ओल वाफ होऊन आतच फिरते आणि मडक्याच्या भिंती चहूंकडून तापतात. भट्टीचे सारे तत्त्व या एका मडक्यात आहे: भिंतींनी उष्णता धरावी, तोंड बंद असावे, वाफ आत कोंडावी. ही तीन कामे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पाश्चात्त्य देशांत भट्टीचे मुख्य काम पाव भाजण्याचे. इटलीत इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पाँपेई शहर गाडले. १८६२ साली तिथल्या एका बेकरीची भट्टी उघडली, तेव्हा आत ८१ पाव जसेच्या तसे मिळाले, कोळसा झालेले! भट्टीवाल्याने ते आत सरकवले आणि बाहेर काढायला तो राहिला नाही. ही भट्टी विटांची, घुमटाकार आहे. आपल्याकडे लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्यांत जी भट्टी असते तिच्याशी तिचे साम्य पाहून आश्चर्य वाटते. एवढ्या शतकांत तिच्यात फारसे बदलण्यासारखे कुणाला काही वाटले नाही.

आपल्या किनाऱ्यावर ही भट्टी पोर्तुगिजांबरोबर आली. १५१० साली त्यांनी गोवा घेतला. गव्हाचा पाव त्यांना हवा होता, पण पीठ फुगवायला लागणारे खमीर इथे कुठले? तेव्हा माडाच्या सुरेने ती अडचण भागवली. सूर आपोआप आंबते, तिच्यातले सूक्ष्म जीव पिठातही तेच काम करतात. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. पायाने तुडवतात म्हणून पाव, अशी एक व्युत्पत्ती गावोगाव ऐकू येते, ती गमतीची आहे, खरी नव्हे. शिक्षकबंधूंनी ती वर्गातून हद्दपार केली तर बरे. गोव्याचा पदेर सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवीत पाव विकू लागला. गोव्याचे पाववाले मुंबईतही आले, नंतर इराणी मंडळींनी बेकऱ्या काढल्या, आणि पाव गिरणगावातल्या कामगाराच्या चहाबरोबर जाऊन बसला. वडापाव आणि मिसळ ही पुढची गोष्ट.

या भट्टीचे काम कसे चाले ते ऐकण्यासारखे आहे. लाकडे भट्टीच्या पोटातच पेटवीत. विटा पोटभर तापल्या की निखारे ओढून बाजूला करीत, तळ ओल्या फडक्याने पुसून घेत, मग लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवीत आणि तोंड बंद करीत. म्हणजे पाव जाळावर भाजत नसे, विटांनी साठवलेल्या उष्णतेवर भाजे. शेकडो पाव आत एकदम गेले की त्यांचीच वाफ कोंडे. त्यामुळे वरचा पापुद्रा लवकर कडक होत नसे आणि पावाला फुगायला सवड मिळे. भट्टी हळूहळू निवे. पहिल्या कडक आचेवर पाव, ती उतरली की बिस्किटे, आणि अगदी मंद झाली की टोस्ट वाळवायचे. भट्टीच्या उतरत्या उन्हावर दिवसाच्या कामाचा क्रम बसवलेला असे.

आच किती आहे हे ओळखायचे कसे? चिमूटभर पीठ तळावर टाकायचे आणि ते किती वेळात तांबूस होते ते पाहायचे. किंवा हात आत धरून आकडे मोजायचे. माझ्या मते हे ज्ञान कमी प्रतीचे मुळीच नव्हते. मात्र ते हातात होते, कागदावर नव्हते, आणि कारागीर गेला की त्याच्याबरोबर जात असे. दिवाळीच्या आधी रवा-मैदा, साखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचे आणि पत्र्याच्या डब्यातून नानकटाई भरून आणायची, ही पद्धत आपल्या अनेक गावांनी पाहिली आहे. साहित्य घरचे आणि आच बेकरीवाल्याची! आच विकत मिळे, शिकायला मिळत नसे.

आच शास्त्राच्या तराजूत घालणारा एक मोठा विक्षिप्त माणूस होऊन गेला. बेंजामिन टॉम्सन, पुढे काउंट रम्फर्ड. १७५३ साली अमेरिकेत जन्मला आणि जर्मनीत बव्हेरियाच्या राज्यकर्त्याकडे चाकरीला राहिला. तोफेला छिद्र पाडताना उष्णता किती निर्माण होते याचे त्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यावरचा निबंध त्याने १७९८ साली वाचला. तितकेच डोके त्याने स्वयंपाकघरात घातले. एकदा त्याने बटाटे वाळवण्याच्या यंत्रात मटणाचा तुकडा भाजायला ठेवला. तीन तासांनी पाहिले, काही होईना. कंटाळून तो निघून गेला. स्वयंपाकिणींनी तो तुकडा रात्रभर तसाच ठेवला, आणि सकाळी पाहतात तो मांस लोण्यासारखे मऊ शिजलेले! मंद आच आणि भरपूर वेळ यांचे मोल त्याला तिथे पटले. पण अशा मांसाला भाजल्याचा रंग येत नाही. म्हणून त्याने आपल्या भट्टीला खालून नळ्या बसवल्या. आधी त्या बंद ठेवून मांस शिजवायचे, शेवटी उघडून कोरडी कडक हवा आत सोडायची की वरचा भाग खरपूस होतो.

हा खरपूसपणा काय प्रकार आहे, याचा उलगडा १९१२ साली लुई कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कामाने सुरू झाला. साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेने एकत्र आले की तो तांबूस रंग आणि तो वास निर्माण होतो. पण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथली उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, आणि हा रंग झपाट्याने यायला सुमारे १४० अंश लागतात. ओली कोंबडी भट्टीत ठेवली तर ती आधी उकडते, मग भाजते. म्हणून ती फडक्याने टिपून कोरडी करावी, मध्यम आचेवर आतपर्यंत शिजवावी आणि शेवटची काही मिनिटे आच चढवावी. रताळ्यांनाही हाच न्याय.

आता विजेकडे वळू. तारेतून वीज गेली की ती तापते, आणि किती तापते याचा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास मांडला. प्रत्यक्ष जेवण शिजायला मात्र अर्धे शतक जावे लागले. कॅनडातल्या ओटावा शहरात टॉमस अहर्न या विजेच्या व्यवसायातल्या गृहस्थाने ऑगस्ट १८९२ मध्ये विंडसर हॉटेलात मेजवानी दिली. सारे पदार्थ विजेवर शिजवलेले. पुढल्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेचे स्वयंपाकघर मांडले गेले. लोक पाहायला जमले, पण घरी कुणी नेईना. वीज महाग, आणि तारा टिकत नसत. लोखंडाची तार लाल झाली की हवेतला प्राणवायू तिला खाऊन टाकी. अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाने निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू काढला आणि १९०६ साली त्याचे पेटंट मिळवले, तेव्हा ही अडचण सुटली. या तारेवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच तिचे रक्षण करतो. आजच्या इस्त्रीत, शेगडीत, भट्टीत हाच शोध राबतो आहे.

उरला प्रश्न आच धरून ठेवण्याचा. पितळ तापले की वाढते. इन्व्हार नावाचा मिश्रधातू, जो गियोम या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये शोधला, तो जवळजवळ वाढतच नाही. पितळेच्या नळीत इन्व्हारची कांडी बसवली की दोघांच्या वाढीतल्या फरकाने झडप आपोआप उघड-बंद करता येते. अशी नियंत्रण-चकती १९२३ साली इंग्लंडात गॅसच्या शेगडीला लागली, आणि विजेच्या भट्टीलाही त्यानंतरच्या दशकात तिची जोड मिळाली. पीठ टाकून पाहणाऱ्या हाताचे काम एका कांडीने घेतले.

आपल्याकडे १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला आली ती गिरण्यांसाठी. १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, मग हळूहळू खेड्यांत दिवे आले, पंप आले. स्वयंपाकघराचा नंबर सर्वांत शेवटी लागला. आणि लाकडी भट्टीचा प्रश्न तर अगदी अलीकडे ऐरणीवर आला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. कारण हवेचे. धुराने शेजाऱ्यांची आणि भट्टीपुढे उभ्या कामगाराची छाती भरते, हे कोणी नाकारणार नाही. पण बेकरीवाल्याची चिंताही खोटी नाही. नवी भट्टी म्हणजे मोठे भांडवल, आणि पाव तर रोजच्या कमाईवर जगणाऱ्याच्या पोटाचा. त्याची किंमत वाढवायची किती? लाकडाची चव जाते, ही तक्रार मात्र मला अर्धीच पटते. निखारे बाजूला केल्यावर पाव विटांच्या उष्णतेवर भाजतो. चव बरीचशी पीठ नीट आंबण्यात आणि त्या साठवलेल्या उष्णतेत आहे, आणि ती विजेवर साधता येते.

कशी, तर मघाची तीन कामे आठवा. घरच्या ओव्हनच्या पत्र्याच्या भिंती पातळ. त्या उष्णता साठवीत नाहीत. दिवा विझला की आतली हवा तापली एवढेच समजावे, भिंती आणि पत्रे तापायला आणखी दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. तळाशी जाड दगडी फरशी किंवा जाड लोखंडी तवा ठेवला तर तो विटांचे काम करतो. दार उघडले की आतली गरम हवा भसकन बाहेर पडते, म्हणून डोकावायचे ते काचेतून. आणि वाफ! विजेची हवा कोरडी असते. पाव आत ठेवताना खालच्या खणात पसरट भांड्यात उकळते पाणी ठेवावे आणि दहा मिनिटांनी काढून घ्यावे. नानकटाईला याची गरज नाही, तिला कोरडीच हवा मानवते.

आचेचे म्हणाल तर पावाला २०० ते २२० अंश, केकला १७० ते १८०, नानकटाईला १६० च्या आसपास. पंखा असलेल्या ओव्हनात यातून २० अंश वजा करावेत. काळे पत्रे उष्णता जास्त ओढतात आणि खालून करपवतात. चकचकीत पत्रा नानकटाईला बरा, आणि तोही मधल्या खणात. पण चकतीवरच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको, लहान ओव्हनात तो वीस-तीस अंशांनीही चुकतो. आत ठेवायचा स्वस्त तापमापक मिळतो. नसेल तर शाळेत करून दाखवण्यासारखा एक प्रयोग आहे. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन चांगला तापवून चमचाभर साखर पत्र्याच्या वाटीत पंधरा मिनिटे ठेवा. चकती १८० वर असताना साखर वितळली तर आच जास्त आहे; १९० वरही कोरडीच राहिली तर कमी आहे. वाटी बाहेर काढायचे काम मोठ्यांनी करावे, वितळलेल्या साखरेचा चटका फार वाईट.

खर्चाचा हिशेबही मुलांकडून करून घ्यावा. २००० वॉटची भट्टी तासभर अखंड तापली तर २ युनिट वीज जाते; चकती मधूनमधून प्रवाह तोडते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. एकदा तापवलेल्या भट्टीत आधी पाव, मग आच उतरवून नानकटाई आणि शेवटी वीज बंद करून उरलेल्या उष्णतेत टोस्ट वाळवले, तर बेकरीवाल्याचा जुना क्रम विजेवरही चालतो. जोडणी मात्र जाड तारेच्या, अर्थिंग असलेल्या मोठ्या सॉकेटवरच हवी. आणि पाव बाहेर आला की जाळीवर काढावा, निदान अर्धा तास कापू नये. आतली वाफ अजून आपले काम करीत असते.