मतदारयादीतलं नाव

निवडणूक म्हटली की सभा, जीपगाड्या आणि कर्णे डोळ्यांपुढे येतात. मी आज बोलणार आहे ते मात्र मतदारयादीविषयी. यादी म्हणजे रुक्ष कागद खरा. पण गावानं कोणाला माणूस म्हणून धरलं आणि कोणाला वगळलं, याची नोंद तीतच सापडते.

इंग्रजी अमदानीत मत माणसाला नव्हतं. ते त्याच्या जमिनीच्या साऱ्याला, कराला किंवा शिक्षणाला होतं. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मतदार होते सुमारे तीन-साडेतीन कोटी. काही बायकांना मत मिळालं तेही पुष्कळदा नवऱ्याच्या मिळकतीमुळे. शेतमजूर आणि गावकुसाबाहेरची वस्ती बहुतेक यादीबाहेरच राहिली. पुढारी कोणासाठी बोलत, हे वेगळं. मतं मागायला कोणाच्या दारी जात, ते ध्यानात घ्या.

मग १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळालं. मतदार झाले १७ कोटींहून अधिक. १९५१ च्या शिरगणतीत साक्षर होते शंभरात अठरा! म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलं. मतदारानं कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची, शिक्का मारायचा नाही. या लोखंडी पेट्यांपैकी कितीतरी आपल्या मुंबईच्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

यादी करताना मात्र एक विलक्षण अडचण आली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत पुष्कळ बायका परक्या माणसाला स्वतःचं नावच सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको', एवढंच. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागे. तिकडे आपलं नाव घेण्याचाच संकोच! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की मत ज्याचं त्याचं आहे, तेव्हा नावही ज्याचं त्याचंच हवं. नाव न सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या. निर्णय कठोर होता. त्या बायांचं त्या वेळचं मत बुडालं, हे काही लहान नुकसान नव्हे. तरी मला सेन बरोबर वाटतात. 'अमक्याची बायको' म्हणून एकदा नोंद झाली असती, तर ती पुढं कितीएक वर्षं तशीच राहिली असती. दुसऱ्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे १९५७ पर्यंत, पुष्कळ जणींनी नावं नोंदवली.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. रस्ता, विहीर, शाळा यांचा निर्णय मुंबईहून तालुक्याला आला आणि गावातलं मत एकदम महाग झालं. त्याबरोबर भावकीचं, पार्टीचं राजकारणही आलं. पुष्कळ गावं 'बिनविरोध'चा अभिमान मिरवतात. एकोपा चांगलाच, पण चावडीवर बसून चार वडीलधाऱ्यांनी नावं ठरवली, आणि तिथं बाया नाहीत, वस्तीतली माणसं नाहीत, तर तो एकोपा कोणाचा, हे विचारायला नको का?

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं, १९९३ पासून, पंचायतीत किमान एकतृतीयांश जागा बायकांना राखल्या गेल्या. महाराष्ट्रानं २०११ साली त्या निम्म्या केल्या. सुरुवातीला खुर्चीवर बाई आणि कारभार तिच्या मालकांचा, असं अनेक ठिकाणी दिसलं, अजूनही दिसतं. लोक हसले. पण सही तिची लागे, ग्रामसभेत जाब तिलाच विचारला जाई. हळूहळू काही जणी कागद वाचून मगच सही करू लागल्या. पाण्याची टाकी कुठं बसावी, यावर डोक्यावरून हंडे वाहिलेल्या बाईला सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यादी दुरुस्तीचं काम बहुधा तुमच्याच गळ्यात पडतं. दारात गेलात आणि घरातल्या बाप्यानं सगळ्यांची नावं भराभरा सांगून टाकली, तरी जरा थांबा. आतल्या सूनबाईंना बाहेर बोलवा आणि त्यांचं नाव त्यांनाच विचारा.