दातांच्या दवाखान्यात तपासायला कोण येतं?

अमरावतीच्या राजापेठेतला किंवा अकोल्याच्या रतनलाल प्लॉटमधला दातांचा एखादा छोटा दवाखाना घ्या. एक डॉक्टर, मदतीला एक मुलगी, एक खुर्ची, भिंतीला एक्स-रेचं यंत्र, कोपऱ्यात अवजारं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह. एवढ्याशा जागेवर हक्क सांगणारी कार्यालयं मात्र बरीच आहेत. मुंबईची राज्य दंत परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अणुऊर्जा नियामक मंडळ, महानगरपालिका, दुकान निरीक्षक आणि बोगस डॉक्टर शोधणारी समिती. डॉक्टरमंडळी वैतागतात की रुग्ण बघायचे की कागद सांभाळायचे. हा वैताग खरा आहे. पण या कागदांचा माग काढत मागे गेलं, की बहुतेकांच्या मुळाशी कुणाच्या तरी शरीराला झालेली इजा सापडते. ती कधी न्यू ऑर्लिन्सला झालेली असते, कधी भोपाळला.

सर्वांत जुना प्रश्न असा, की दात काढणारा माणूस आहे कोण? वऱ्हाडात हा प्रश्न विचारणंच अवघड होतं, कारण वऱ्हाड कायद्याच्या हिशेबाने नेमकं कुणाचं हेच अनेक वर्षं गुंतागुंतीचं होतं. १८५३ च्या तहाने निजामाने हे जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात दिले, १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. मुलूख मात्र नावापुरता निजामाचाच राहिला. त्यामुळे इंग्रजी हिंदुस्थानातला कायदा इथे आपोआप चालत नसे, तो वेगळा हुकूम काढून लागू करावा लागे. ही घडी नीट बसवायला १९४१ साली वऱ्हाडापुरता एक स्वतंत्र कायदा करावा लागला. मध्य प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१६ सालीच झाला होता. दंतवैद्याचं नाव मात्र कुठल्याच यादीत नव्हतं. दाढ ठणकली की न्हावी, वैदू, नाहीतर आठवडी बाजारात फडक्यावर चिमटे मांडून बसलेला माणूस, एवढीच सोय होती. त्याच्या चिमट्याला कालच्या माणसाचं रक्त लागलेलं आहे का, हे विचारणारं कुणी नव्हतं.

देशात पहिली शिस्त बंगालने लावली. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात दंत महाविद्यालय काढलं आणि १९३९ मध्ये बंगालने दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. साऱ्या देशासाठी कायदा आला तो १९४८ साली. त्यातली एक तरतूद मला फार माणुसकीची वाटते. नोंदवहीचे दोन भाग केले होते. ‘अ’ भागात पदवीधर. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरत आलेले. पिढीजात दात काढणाऱ्याला एका रात्रीत गुन्हेगार न ठरवता कायद्याने त्याला दाराच्या आत घेतलं आणि मग दार लावलं. त्यानंतर नोंदणीशिवाय धंदा करणं हा गुन्हा झाला.

या कायद्यातही ‘इन्स्पेक्टर’ आहेत, पण ते महाविद्यालयं आणि परीक्षा तपासायला जातात. दवाखान्यात जाऊन अवजारं बघण्याचं काम त्यांच्याकडे दिलेलं नाही. कायद्याची समजूत अशी होती, की माणूस नीट शिकलेला असला म्हणजे त्याचं काम नीटच असणार. त्या काळात ही समजूत चालून गेली, कारण दवाखाने होतेच किती? नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चं, वर्ध्याजवळच्या सावंगीचं १९९१ चं, पुढे खुद्द अमरावतीतही महाविद्यालय आलं. मग इमारतीगणिक दातांच्या पाट्या दिसू लागल्या. पण ही समजूत आजही तशीच आहे, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचा गुंता तिच्यातच आहे.

दुकान निरीक्षकाची वंशावळ वेगळी, आणि तिच्या मुळाशी नोकरांचे कामाचे तास आहेत. मध्य प्रांत-वऱ्हाडचा दुकाने व आस्थापना कायदा १९४७ चा, मुंबई राज्याचा १९४८ चा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर पुढे मुंबईचा कायदा इकडे लागू झाला. डॉक्टरचा दवाखाना हे दुकान आहे का, यावर अहमदाबादचे एक डॉक्टर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खासगी दवाखाना ‘व्यापारी आस्थापना’ ठरत नाही, असा निकाल त्यांनी मिळवला. महाराष्ट्राने १९७७ साली व्याख्या बदलून डॉक्टरांना पुन्हा आत घेतलं. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसं असतील तर नुसती सूचना दिली तरी पुरे, असं केलं. एका मदतनीस मुलीच्या दवाखान्यात हा निरीक्षक आता क्वचितच दिसतो. तिच्या सुट्टीची आणि पगाराची चौकशी करायला त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं, हे मात्र विसरू नये.

एक्स-रेची गोष्ट सर्वांत जिव्हारी लागणारी आहे, आणि ती दंतवैद्यांनीच घडवलेली आहे. रॉन्टगेनने १८९५ च्या अखेरीस आपला शोध जाहीर केला आणि दोनेक आठवड्यांतच जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचं चित्र काढलं. त्यासाठी तो २५ मिनिटं किरणांत बसून राहिला. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स यांनी १८९६ पासून रुग्णांच्या दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. फिल्म तोंडात धरून ठेवायला आणि यंत्र जुळवायला ते स्वतःचा हात किरणांत घालत. आधी बोटं गेली, मग हात, मग दंड. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया सोसून १९२८ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. बॉस्टनच्या विल्यम रोलिन्स या दंतवैद्याने १९०१ सालीच गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण जीव घेतात असं छापून सांगितलं होतं. नळीभोवती आवरण हवं, डोळ्यांवर शिशाची काच हवी, हेही तो सांगत होता. ते मनावर घ्यायला जगाने अनेक वर्षं लावली.

आपल्याकडे किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम १९७१ मध्ये आले, अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं आणि सध्याचे नियम २००४ चे आहेत. त्यामुळे अकोल्यातल्या डॉक्टरला दाढेचा छोटा एक्स-रे काढायचं यंत्रही अणुऊर्जेच्या कायद्याखाली नोंदवावं लागतं. हे काम आता मंडळाच्या संगणकीय प्रणालीवर होतं. यंत्राची गुणवत्ता चाचणी ठरावीक मुदतीत करून घ्यायची, बटण दाबताना लांब किंवा आडोशाला उभं राहायचं, फिल्म डॉक्टरने किंवा मदतनिसाने हाताने धरायची नाही. या शेवटच्या नियमात केल्स यांचा हात आहे. हा नियम वाचताना मला कंटाळा येऊ शकत नाही.

कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीचा माग दोन दिशांनी जातो. एक वाट भोपाळची. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या त्या रात्रीनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला, आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम याच कायद्याच्या पोटातून निघाले. दुसरी वाट दिल्लीच्या उकिरड्यांवरून आली. शहरातल्या कचऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रुग्णालयांच्या कचऱ्याबद्दल आदेश दिले आणि २० जुलै १९९८ रोजी पहिले नियम आले. मोठ्या रुग्णालयांना जाग आली, छोट्या दवाखान्यांना तितकी नाही. मग २००९ साली गुजरातमधल्या मोडाशात हेपॅटायटिस ‘बी’ची साथ आली. वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या होत्या, आणि माणसं मेली. २०१६ च्या नियमांनी खाट नसलेल्या दवाखान्यालाही स्पष्टपणे पकडलं.

या नियमांनुसार दवाखान्याला प्रदूषण मंडळाचं प्राधिकारपत्र लागतं. अमरावतीत मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, अकोल्याला उपप्रादेशिक. काढलेला दात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. पिशवीवर बारकोड. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, वर्षाचा अहवाल ३० जूनपर्यंत द्यायचा, कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस ‘बी’ची लस द्यायची. काढलेल्या दाढेत चांदी भरलेली असेल तर ती जाळायच्या पिशवीत जाता कामा नये, कारण त्या चांदीत पारा असतो आणि भट्टीत त्याची वाफ होते. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. जपानमधल्या एका खाडीतली मासळी खाऊन अपंग झालेल्या माणसांची आठवण त्या नावात आहे.

कचऱ्याचे हे नियम मोडल्यास शिक्षा काय, तर पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. एक खुर्चीच्या डॉक्टरच्या डोक्यावरून तुरुंगाची टांगती तलवार गेली, हे मला योग्य वाटतं. पण आता भीती गेली आणि सवय लागलेलीच नाही, अशी अवस्था यायला नको.

२०२० च्या मार्चमध्ये या सगळ्या नियमांचा आणखी जुना पूर्वज दारात उभा राहिला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ १८९७ चा साथरोग कायदा आणि घरोघरची सक्तीची तपासणी आली. तोच कायदा करोनात पुन्हा बाहेर काढला गेला. दातांच्या दवाखान्यात तुषार उडतात, म्हणून मे २०२० च्या केंद्राच्या सूचनांनी लाल क्षेत्रात फक्त तातडीचे उपचार ठेवले आणि प्रतिबंधित क्षेत्रातले दवाखाने बंद. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात आधी लागली ती अमरावती-अकोल्यालाच, आणि कडक निर्बंधही इथेच आधी आले. त्या वर्षभरात इथल्या डॉक्टरांनी खोल्यांची हवा आणि अवजारांची वाफ यांचा विचार पूर्वी कधी केला नसेल इतका केला.

आता नसलेल्या तपासणीबद्दल. १९९० च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फ्लोरिडातल्या एका तरुणीची नोंद छापली. किंबर्ली बर्गालिस तिचं नाव. दात काढून घेतल्यावर तिला एचआयव्हीची लागण झाली होती. तिचा दंतवैद्य बाधित होता, आणि पुढे त्याचे आणखी पाच रुग्ण बाधित निघाले. संसर्ग नेमका कसा पोचला, याचा छडा कधीच लागला नाही. पण त्यानंतर लक्ष गेलं ते दात कोरणाऱ्या हॅन्डपीसकडे. मिनिटाला लाखो फेरे घेणारं हे यंत्र थांबतं तेव्हा तोंडातली लाळ आणि रक्त आत ओढून घेऊ शकतं. नुसतं स्पिरिटने पुसून ते निर्जंतुक होत नाही. प्रत्येक रुग्णानंतर ते वाफेच्या दाबात टाकलं पाहिजे, अशी शिफारस तिकडे त्यानंतर आली.

वऱ्हाडातला रुग्ण आजही विचारतो, “सुई नवी हाये ना जी?” एड्सच्या प्रचाराने ही सवय लावली, आणि ती चांगली आहे. हॅन्डपीसबद्दल तो विचारत नाही, आणि विचारायला कायद्याने दुसरं कुणी नेमलेलंही नाही. दंत परिषद नोंदणी बघते, प्रदूषण मंडळ कचरा बघतं, अणुऊर्जा मंडळ किरण बघतं. बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समितीला पदवी हवी असते. राज्याचा शुश्रूषागृहांचा १९४९ चा कायदा रुग्ण दाखल होण्याच्या जागांसाठी आहे, नुसती खुर्ची असलेला दवाखाना त्यात बसत नाही. संपूर्ण दवाखान्याकडे एकत्र पाहणारा केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा २०१० चा आहे, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याच्या स्वतःच्या कायद्याचा मसुदा २०१४ मध्ये तयार झाला आणि कायदा झालाच नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. त्याचाही भर शिक्षण, नोंदणी आणि आचारसंहिता यांवर आहे.

छोट्या डॉक्टरांच्या संघटनांचा अशा कायद्यांना विरोध असतो. मोठ्या रुग्णालयाच्या मापाचे नियम लावले तर गल्लीतला दवाखाना बंद पडेल, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या माणसाला मग दाढेसाठी साखळी दवाखाने शोधत शहरात यावं लागेल. पण ऑटोक्लेव्ह तपासायला मोठा कायदा लागतच नाही. ‘जिओबॅसिलस’ जातीच्या निरुपद्रवी जंतूचे चिवट बीजाणू असलेली पट्टी वाफेत घालायची आणि मग प्रयोगशाळेत उबवून बघायचं. बीजाणू मेले असतील तर यंत्र चालतं, वाढले तर चालत नाही. अमेरिकेत ही चाचणी दर आठवड्याला करायला सांगतात.

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत दंत महाविद्यालय आहे, दोन्ही शहरांत डॉक्टरांच्या संघटना आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेने जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या पट्ट्या तीन महिन्यांनी एकदा माफक शुल्कात तपासून द्याव्यात आणि डॉक्टरने तो निकाल तारखेसह प्रतीक्षेच्या बाकासमोर लावावा. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची किंवा विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहायला नको. पहिल्या फेरीत किती यंत्रं नापास होतील याची धास्ती डॉक्टरांना वाटेल, म्हणून पहिल्या वर्षी नापास यंत्राचं नाव जाहीर न करता फक्त दुरुस्त करून घ्यायची मुभा असावी, जशी १९४८ च्या कायद्याने ‘ब’ भागातल्या माणसांना दिली होती.