१५ एप्रिल १९६० : भजनातून आलेले चळवळीचे गाणे

अमेरिकेतल्या रॅले शहरात, शॉ विद्यापीठात, ईस्टरच्या सुट्टीत या दिवशी एला बेकर यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची परिषद सुरू झाली. ग्रीन्सबरोमध्ये चार कृष्णवर्णीय तरुणांनी १ फेब्रुवारीला वर्णभेदाविरुद्ध केलेला बैठा सत्याग्रह तोवर राज्याराज्यांत पसरला होता. परिषदेत गाय कॅरावान यांनी ‘वुई शॅल ओव्हरकम’ म्हटले आणि ते वर्णभेदाविरुद्धच्या साऱ्या चळवळीचे झाले. त्याचे मूळ चर्चमधल्या भक्तिगीतांतले. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातील संपकऱ्यांनी, त्यातही कृष्णवर्णीय स्त्रियांनी, त्याला संपाचे गाणे केले होते. मार खातानाही मनात द्वेष येऊ न देण्याचे बळ आंदोलकांना अशा गाण्यांनी दिले. गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदी रूपात ते आपल्याकडे शाळाशाळांत पोचले. शॉ विद्यापीठातल्या त्या परिषदेतूनच ‘स्निक’ ही विद्यार्थी संघटना उभी राहिली.